बिट्सीचं वय

व्हॅन नाइस, कॅलिफोर्निया
३ मार्च १९५८

प्रिय रोझलिन,

माझं नाव पाहिलंस तर हे पत्र न फोडताच तू शेगडीत टाकशील, म्हणून पाकिटावर चोनाचं नाव घातलंय. चोना म्हणजे तुझ्या वडिलांकडे स्वयंपाकाला असते ती बाई. आत मात्र मी आहे, हेस्टर प्रुइट. फोडलंच आहेस तर आता वाच.

जानेवारीत तुझ्या वडिलांना झटका आला. उजवा हात गेला होता, तो थोडा परत आला. जीभ शाबूत आहे. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका येणार हे नक्की, आणि उन्हाळा निघेल असं त्यांना वाटत नाही. हे मी घाबरवायला लिहीत नाही. मला जसं सांगितलं तसं तुला सांगतेय.

बोलतात भरपूर, पण कुठल्या सालात बसून बोलतायत ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. रेडिओवरचा कार्यक्रम बंद होऊन नऊ वर्षं झाली तरी अंगातून गेलेला नाही. पूर्वी कसं होतं तुला माहीत आहे: रविवारी पाचला पूर्वेकडच्या लोकांसाठी, मग सँडविच, आणि आठला तेच सगळं, तेच विनोद, तीच गाणी पश्चिमेकडच्या लोकांसाठी. अजून तसंच चालू आहे. फक्त आता रोजच रविवार असतो. पाच वाजायला आले की चोनाकडून टाय बांधून घेतात, जेवणाच्या टेबलाशी ताठ बसतात आणि डावा हात कानामागे धरून ऐकत राहतात. आठला पुन्हा.

मी अधूनमधून डोकावते. जवळच राहते, म्हणून.

ये. माझं काही मागणं नाही, आणि तू आलीस तर मी तुझ्या वाटेत येणार नाही.

हेस्टर प्रुइट


१४ मार्च

प्रिय रोझलिन,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळींत दोन टोमणे आणि एक प्रश्न. बापाची लेक शोभतेस.

पहिला टोमणा, मी अजून त्या घरात काय करते. बरं, खरं सांगते. मी अधूनमधून नाही, रोज जाते. का, ते माझं मला माहीत आहे आणि तुला विचारायचा अधिकार असला तरी मी सांगणार नाही.

दुसरा टोमणा, कोको. हो, मी तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात बसून तुला कोको पाजला, तुझ्या बाहुल्यांची नावं विचारली आणि जाताना तुझा आवाज उचलून नेला. तू आठ वर्षांची होतीस. त्या नाताळच्या कार्यक्रमात तुला बापाबरोबर चार ओळी बोलायच्या होत्या आणि मायक्रोफोनसमोर तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ती शांतता झाकायला तुझा बाप, मॉर्टी, म्हणाला, "लोकहो, घरी हिला गप्प करायला मला रोज लाच द्यावी लागते. मायक्रोफोन इतका स्वस्त पडतो हे मला कुणी सांगितलंच नाही." सबंध देश हसला. त्यानंतर पत्रांचा पाऊस पडला, ती मुलगी पुन्हा आणा. तू पुन्हा उभी राहायला तयार नव्हतीस, म्हणून एकोणतीस वर्षांची मी तुझ्या आवाजात, बिट्सी या नावाने, उभी राहिले. पोरांची कामं बायकाच करायच्या. पोरं पेंगतात, कागद चुरगाळतात. मी कॅन्ससहून आलेली, बुटाच्या तळाला पुठ्ठा लावून काम शोधत फिरणारी बाई होते. मिळालेलं काम नको म्हणायला मी काही संत नव्हते. याची माफी मागायला मी पत्र लिहिलेलं नाही आणि मागणारही नाही.

आता तुझा प्रश्न. "ते माझी आठवण काढतात का?"

नाही. बिट्सीची काढतात.

शेवटचा कार्यक्रम तू ऐकला नसशील. तेव्हा तो शेवटचा आहे हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. प्रवेशाच्या शेवटी बिट्सी म्हणते, "कोट घेऊन आलेच हं, पप्पा," आणि जिना चढून जाते. मग बेकिंग पावडरची जाहिरात. त्याच आठवड्यात, कार्यक्रमाचा खर्च उचलणाऱ्या त्या बेकिंग पावडरवाल्यांनी अंग काढून घेतलं. सगळा देश विसरला, पण मॉर्टीच्या डोक्यात ती पोर वर गेली ती खाली आलेलीच नाही. तो तिची वाट बघत बसलेला असतो. चोना त्याला सांगून दमली, "साहेब, या घराला वरचा मजलाच नाही." तो तिच्याकडे दयेने बघतो.

फेब्रुवारीत एक दिवस तो वाट बघून रडायला लागला. मोठा माणूस रडतो तसा नाही, हरवलेल्या पोराचा बाप रडतो तसा. माझ्याच्याने ऐकवेना. मी बोलले, "पप्पा, एक विचारू? रागवायचं नाही हं." नऊ वर्षांत तो आवाज काढला नव्हता. जिथे ठेवला होता तिथेच होता, धूळसुद्धा बसली नव्हती. चोना आतून धावत आली आणि कपाटं उघडून बघायला लागली. "बाई, घरात पोरगी शिरलीय." आता रोज ऐकते तरी छातीवर क्रूस काढते.

तेव्हापासून तो मला हेस्टर म्हणून ओळखत नाही. माझ्या आवाजात बोलले तर ऐकूच गेलं नाही असा बसतो. तो बिट्सीशी बोलतो, आणि बोलताना समोर टेबलाकडे बघतो.

झालं, सांगितलं. शिव्या द्यायच्या असतील तर येऊन दे.

हेस्टर


२७ मार्च

रोझलिन,

तुझा फोन आला होता. मी तेव्हा तिथेच होते, पण मला तुझ्याकडूनच ऐकायचं होतं. तू काही कळवलं नाहीस, म्हणून मीच लिहिते.

तू म्हणालीस, "पा, मी रोझ बोलतेय." तो म्हणाला, "बाई, तुम्हाला चुकीचा नंबर जोडून दिलाय. माझी मुलगी वर आहे." अगदी सभ्यपणे म्हणाला आणि फोन ठेवला. ठेवल्यावर आणखी एक वाक्य बोलला, ते आत्ता लिहीत नाही.

मग पुन्हा फोन करून तू चोनाला म्हणालीस, "आता येण्यात अर्थ नाही. त्याला हवी आहे ती मी नाही, आणि मला जो बाप हवा होता तो तर कधीच नव्हता." मी तुझ्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं आणि दुलुथच्या बर्फात दार लावून बसले असते. पण मी माझ्या जागी आहे, आणि इथून मला एक रस्ता दिसतो.

त्याला बत्तीस वर्षांची मुलगी ओळखता येत नाही, कारण त्याची मुलगी मोठी झालेलीच नाही. पंधरा वर्षं बेकिंग पावडरवाल्यांनी तिला नऊचीच ठेवली. केकचा हट्ट नऊ वर्षांची पोर धरते, सोळाची पोर आरशासमोर उभी राहते, असं त्यांचं शास्त्र. दर जूनमध्ये तिचा वाढदिवस व्हायचा आणि दर वेळी नऊच मेणबत्त्या. तू मात्र त्याच घरात दहाची झालीस, बाराची झालीस, आणि रविवारी बैठकीच्या खोलीत तुझाच जुना आवाज हसवत असायचा. ते तुला कसं वाटत असेल याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. आता करते, रोज करते.

तर मी तिला मोठी करणार आहे. एकदम नाही, तो घाबरेल. रोज थोडी. आवाज नाकातून घशात आणायचा, घशातून हळूहळू छातीत उतरवायचा, वाक्यं लांब करायची, प्रश्न कमी करायचे. मला येतं ते. दुसरं काही येत नाही, पण हे येतं. ती बत्तीसची झाली की तू ये, आणि दारातून तुझा आवाज आला की त्याला तो ओळखीचा असेल.

मला दोन गोष्टी दे. रविवारी दुपारी माझ्या घरमालकिणीच्या नंबरवर फोन कर आणि काहीही बोल. हवेबद्दल बोल, नवऱ्याबद्दल बोल, मी फक्त ऐकेन. आणि त्या त्या वयात तू त्याच्याशी काय बोलायचीस ते लिहून पाठव. बिट्सीचे संवाद लिहिणारे लेखक आता दूरचित्रवाणीत गेले. तूच लिही.

हेस्टर


९ एप्रिल

प्रिय रोझ,

तुझी पानं मिळाली, आणि तुझा आवाजही. रागाने बोललीस तरी चालतं, रागातच आवाज खरा असतो. उत्तरेकडे राहून तुझे ओठ कमी उघडायला लागलेत. थंडी आत जाऊ नये म्हणून असेल.

अकरा वर्षांची करायला त्रास झाला नाही. सायकलचा हट्ट धरला, तो खूष झाला. बाराव्या वर्षी त्याने कान टवकारले. "चिमणे, तुझा घसा बसलाय का?" चोनाला सांगून लिंबू-मध मागवला. मी तो बिट्सी म्हणून प्यायले. चोनाची भीती आता गेली आहे. सकाळी मी दारात पाऊल टाकलं की पिठाच्या हाताने विचारते, "आज कितीची, बाई?" मी सांगते, तेराची, आणि ती मान हलवते. "सांभाळून. माझी तेराव्या वर्षी फार उलट बोलायची."

ही पण बोलली. तू लिहून दिलं होतंस तसंच. "पप्पा, मला केक आवडत नाही. कधीच आवडत नव्हता." तो दिवसभर तेवढंच म्हणत होता, केक नको म्हणाली. पाच वाजता चोना टाय घेऊन गेली तर हाताने दूर केला. मी ठरवलं होतं की त्याला दुखवायचं नाही, पण मूल मोठं होताना बापाला दुखणारच. तेव्हा चुकलेलं त्याचं दुखणं आता वसूल होतंय.

पंधराव्या वर्षाचं पान तू जवळजवळ कोरं पाठवलंस. "आई गेली. त्या रविवारी त्याने दोन्ही कार्यक्रम केले. मी त्या वर्षी त्याच्याशी काहीच बोलले नाही." रोझ, काहीच न बोलणारी मुलगी मी आवाजाने कशी करू? मग मी त्याच्या खोलीत बसले आणि नुसता श्वास घेत राहिले, त्याला ऐकू जाईल एवढाच. तुझ्या बापाला शांतता चावते. स्टुडिओत दोन सेकंद कुणी बोललं नाही तर त्याच्या कपाळावर घाम यायचा. पण तो उठला नाही. खूप वेळाने म्हणाला, "लीनाला मासे चांगले जमायचे." एवढंच. तुझ्या आईचं नाव मी त्याच्या तोंडून इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

आणखी एक सांगते, हसू नकोस. मी रोज तिला मोठी करून माझ्या खोलीवर येते, आणि दार उघडलं की ती पलंगावर बसलेली असते. पुन्हा नऊची. पाय जमिनीला टेकत नाहीत. मी दिवा लावते, सूप गरम करते, तिच्याकडे बघत नाही. ती तुझ्यासारखी दिसत नाही आणि माझ्यासारखीही नाही. तिला चेहरा कुणी दिलाच नव्हता ना. एवढंच जाणवतं की ती ऐकत असते.

सोळाव्या वर्षाची पानं लवकर पाठव. आणि घर सोडलंस त्या दिवशी काय म्हणालीस तेही.

हेस्टर


१९ एप्रिल

रोझ,

काल एक झालं. ते मी तुला लिहावं की नाही याचा सकाळपासून विचार करतेय. तू खरं काय ते कळव, हो किंवा नाही, एवढंच.

सोळाची होती ती. तुझी पानं पाठ करून गेले होते. वाद तू लिहिला होतास तिथूनच सुरू झाला. तिला कॉलेजला दूर जायचंय, तो म्हणतो इथे काय कमी आहे. तो नेहमीसारखा विनोदावर गेला. "अगं, तू दूर गेलीस तर गप्प कुणाला बसवू? मायक्रोफोन तर विकला." आणि तेव्हा माझ्या तोंडून, तिच्या आवाजात, जे बाहेर पडलं ते तुझ्या पानांत नव्हतं, आणि माझ्याही मनात त्या क्षणापर्यंत नव्हतं. देवाशपथ नव्हतं.

ती म्हणाली, "मी गप्प झाले नव्हते. मला सगळं पाठ होतं. तू म्हणाला होतास, मी तुझ्याकडे बघेन, बघितलं की बोल. मी थांबले होते. तू बघितलंच नाहीस."

 मग हळूहळू कळलं की हे मला आतून माहीत असणार. पंधरा वर्षं मी त्याच्या कोपराशी उभी राहिले. नव्या माणसाला तो तालमीत हेच सांगायचा, "मी बघितलं की बोल," आणि कार्यक्रम सुरू झाला की एकदाही बघायचा नाही. नजर कायम काचेमागच्या खोलीत, जिथे बेकिंग पावडरवाला खुर्ची टाकून बसलेला. आम्ही मोठी माणसं दोन दिवसांत शहाणी झालो. त्याच्याकडे बघणं सोडून दिग्दर्शकाच्या बोटाकडे बघायला लागलो. आठ वर्षांच्या मुलीला हे कोण सांगणार? बापाने सांगितलं, थांब. ती थांबली.

असंच झालं होतं का, रोझ? तू विसरली नव्हतीसच का?

 तो म्हणाला, "काचेमागे तो हसतोय का ते बघत होतो मी. तो हसला नाही तर दुसऱ्या दिवशी आपल्याला बाहेर काढतील असं वाटायचं." आणि मग, "आता बघतो. कुठे आहेस तू?" आणि टेबलावरची नजर उचलून त्याने वळून माझ्याकडे बघितलं.

पोर दिसणार होती त्याला. दिसले मी. त्रेपन्न वर्षांची, चष्म्याची, पिकल्या केसांची बाई. असा किंचाळला की चोनाच्या हातातलं भांडं पडलं. "ही कोण? ही इथे कोण बसलीय? माझी मुलगी कुठे आहे?" मी खोलीतून पळाले. पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. आत चोना त्याला समजावत होती. मी दाराआडून बोलले, "पप्पा, मी इथेच आहे." त्याचा श्वास खाली आला. म्हणाला, "ती बाई गेली का?"

मी म्हटलं, गेली.

हेस्टर


३० एप्रिल

प्रिय रोझ,

तुझी तार मिळाली. एक शब्द, "हो." मी ती चोनाला वाचून दाखवली, आणि चोना ओट्यापाशी उभी राहून रडली. तिला रडताना मी प्रथमच पाहिलं.

मी आता त्याच्यासमोर जात नाही. सकाळी मागच्या दाराने येते आणि पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसते. तो आत, मी बाहेर, मध्ये अर्धं उघडं दार. रेडिओच झाला म्हण. अठराव्या वर्षी तू जे म्हणून घर सोडलंस ते मी शब्द न बदलता म्हटलं. "तुला मुलगी नको आहे, टाळ्या हव्यात." तो म्हणाला, "हो. खरं आहे." वाद घातला नाही. मला वाटलं होतं घालेल, मी उत्तरं तयार ठेवली होती. ती वाया गेली.

मग पुढची वर्षं पटापट गेली. दुलुथ, तुझा हॅरल्ड, त्याची बोट, तुमचं ते गेलेलं बाळ. ते तू लिहिलंस याबद्दल, रोझ, मला काय म्हणावं कळत नाही. मी त्याला सांगितलं. त्याने विचारलं, "नाव ठेवलं होतं का?" मी सांगितलं, तुझ्या पानात होतं तेच. त्याने ते दोनदा म्हणून बघितलं.

कालपासून ती बत्तीसची आहे. आता तो चिमणे म्हणत नाही. काल आपणहून रोझ म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो काय म्हणाला होता ते आता सांगते. म्हणाला, "केवढा दमलेला आवाज होता. कुणीतरी त्या मुलीची विचारपूस करायला हवी." त्याने ओळखलं नव्हतं, पण ऐकलं होतं. तेव्हा लिहिलं असतं तर तू उलटच घेतलं असतंस.

आता ये. पुढच्या आठवड्यात नको, याच आठवड्यात. त्याचा डावा पाय काल सरकत नव्हता. तू येशील त्या दिवशी मी घरात नसेन. एका आवाजाची दोन माणसं एका घरात नकोत. त्याला आणि मलाही ते झेपणार नाही. सकाळी मागच्या दाराने मी शेवटची जाईन, म्हणेन, "पा, शनिवारी येते." पप्पा नाही, पा. तू म्हणतेस तसं. त्यानंतर तो आवाज मी काढणार नाही. तुझा होता, तुला परत.

मला विचारू नकोस की मग मी काय करणार. माझं मी बघेन.

हेस्टर


११ मे

प्रिय रोझ,

तू चोनाबरोबर चिठ्ठी पाठवलीस. विचारतेस, काल मी सुपाची वाटी टेबलावर तशीच टाकून, एक शब्द न बोलता का निघून गेले. रागावले का, म्हणून.

रागावले नाही. बसून सांगते.

पहिली गोष्ट, तू गेल्या शनिवारी माझ्या घरमालकिणीच्या पायरीवर उभी राहून मला जे सांगितलंस ते मी आठवडाभर मनात घोळवतेय. तू दारातून "पा" म्हणालीस आणि तो वळला, आणि तुझ्याकडे बघत राहिला, इतका वेळ की तूच घाबरलीस. मग म्हणाला, "केस कापलेस तू." बस. मला आणखी काही नको होतं. मी खोलीत परतले, बूट काढले, आणि चार दिवस कुणाशी बोलले नाही. घरमालकिणीला वाटलं घसा धरलाय. खरं म्हणजे बोलायला तोंड उघडलं की कुठला आवाज येईल याची मला धास्ती होती. पंधरा वर्षं एक, हा महिनाभर दुसरा. त्यात माझा कुठे पडला ते सापडेना.

मग तुझा निरोप. शेजारीण म्हणून या, सूप घेऊन या. मी नकोच म्हणणार होते. चोनाने हात धरून आणलं. "बाई, तुम्ही आला नाहीत तर सूप मला करावं लागेल, आणि मी शेजारीण नाही."

तो उशांना टेकून बसला होता, तू पलंगाच्या कडेला. मला बघून किंचाळेल म्हणून मी उंबऱ्यातच थांबले. तो किंचाळला नाही. मला वाटतं, आपली मुलगी समोर दिसतेय म्हटल्यावर माझा चेहरा नुसता एका बाईचा चेहरा झाला. म्हणाला, "या बाई, बसा. आपण कोण?" मी म्हटलं, "शेजारची." घोगरा, रुंद, कॅन्ससचा आवाज निघाला. माझाच असावा. पंधरा वर्षं ज्याच्या कोपराशी उभी राहिले, ज्याच्यासाठी इतर कुणाकडे वळून बघितलं नाही, त्याने मला "आपण कोण" विचारलं आणि मी शेजारची म्हटलं. हे तुला आधीच कळलं असेल, तू आंधळी नाहीस. पण एकदा लिहून टाकते.

आणि मग त्याने तुझ्याकडे बघितलं, जणू विचारत होता, चालेल का? तू मान हलवलीस. तेव्हा तो माझ्याकडे वळला.

"ही माझी मुलगी, रोझ. दुलुथला असते. तिथे इतकी थंडी, बाई, की माणसं ऊब यावी म्हणून भांडतात. हिने भांडून बघितलं." आणि तो थांबला. किती थांबला, रोझ. मला वाटलं विसरला, गेलं वाक्य, आता कुणीतरी सावरा. माझे ओठ सवयीने हललेसुद्धा. तो विसरला नव्हता. वाट बघत होता. "म्हणते, मजा नाही. सगळे तिथे ऐकून घेतात, बापासारखं एकही नाही."

तू हसलीस. आणि मी हसले. लाज वाटावी असं, घोड्यासारखं, मोठ्यांदा. नवा होता तो विनोद, कुणी लिहून दिलेला नव्हता, आणि चांगला होता. मला माहीतच नव्हतं गं, तो इतका चांगला आहे. मी त्याला कधी समोर बसून ऐकलंच नव्हतं. माझे डोळे कायम कागदावर, पुढच्या ओळीवर, आणि बिट्सीला हसायची बंदी. ती हसली तर लोक हसणार नाहीत म्हणून. सगळा देश ज्या माणसाला ऐकून दर रविवारी पोट धरायचा, त्याला मी काल पहिल्यांदा ऐकलं.

हसू थांबेना तेव्हा तो कौतुकाने माझ्याकडे बघत तुला म्हणाला, "या बाई चांगल्या आहेत. यांना पुन्हा बोलाव." ते ऐकल्यावर तिथे उभं राहवलं नाही, म्हणून निघाले. बाकी काही नाही.

मंगळवारी येते. डॉक्टर म्हणतात तेवढे दिवस येत जाईन, नंतर तू सांगशील तसं. सूप मात्र चोनाला करू दे, मला जमत नाही.

काल घरी आले तेव्हा ती पलंगावर होतीच. या वेळी मी तिच्याकडे बघितलं. तिला सांगितलं की पप्पांना आज नवा विनोद सुचला, आम्ही खूप हसलो. तिने विचारलं, "माझ्यावर होता का?"

मी म्हटलं, नाही. त्याच्या स्वतःवर होता.

तुझी,
हेस्टर